सहाव्या जागेवरचा बदल

1958 साली आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापला आणि नागपूर या आजाराच्या नकाशावर आले. निलगिरीच्या आदिवासींत तो 1952 मध्येच सापडला होता. पुढे विदर्भातली सर्वेक्षणे बहुधा जातवार झाली: महार, गोंड, कुणबी, तेली. हेतू वाईट नव्हता, पण हा अमुक जातीचा आजार, अशी समजूत त्यातून रुजली आणि सोयरीक जुळवताना ती मुलींच्या आड आली. या समजुतीला उत्तर नागपूरच्या नोंदीआधीच मिळाले होते. ते लोकांपर्यंत पोहोचवण्यात आपण कमी पडलो.

ते उत्तर 1956-57 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्राम यांना सापडले. त्यांनी हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने तोडले. सुमारे तीस तुकडे, म्हणजे पेप्टाइड, मिळाले. ते ओल्या गाळणकागदावर आधी विजेच्या प्रवाहाने एका दिशेला आणि मग द्रावकाने आडव्या दिशेला पसरवले. निरोगी माणसाच्या आणि रुग्णाच्या कागदावरचे ठिपके जवळपास सारखेच उमटले. एकच तेवढा जागचा हलला होता. आठ अमिनो आम्लांच्या त्या तुकड्यात, बीटा साखळीच्या सहाव्या जागी, ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन होते. 146 जागांपैकी ही एकच. तेवढ्याने ऑक्सिजन कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हा बदल का टिकला, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवले होते: आईवडिलांपैकी एकाकडूनच तो मिळालेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून मिळाला, तर संसर्गाशी झुंजणारी पानथरीच निकामी होत जाते आणि न्यूमोकोकससारखे जंतू लहान मुलांचा जीव घेऊ शकतात. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, त्यामुळे अनेकांची पानथरी बराच काळ राहते, वाढलेलीही असते. म्हणून संसर्गाचा धोका टळला असे मात्र नाही.

यावर विचारले जाईल, जातीशी संबंध नाही तर जातवार आकडे वेगळे का? कारण लग्ने जातीत होतात. जनुक त्याच कुंडाळ्यात फिरत राहते. पण पेप्टाइडमधला बदल गोंडाच्या, कुणब्याच्या आणि आफ्रिकेतल्या रुग्णाच्या रक्तात एकच आहे. जनुकाच्या आजूबाजूची रचना पाहिली तर भारतातला सिकलसेल पूर्व सौदी अरेबियातल्या रुग्णांशी जुळतो, हे 1986 मध्ये ओडिशातल्या रुग्णांवरून दिसले. म्हणजे हा वारसा आजच्या जातींच्या सीमा ओलांडून जातो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जात न नोंदवता तपासणी कुठून सुरू करायची? सुरुवात ठरवायला जात उपयोगी आहे, हे मान्य. तिथेच थांबणे चूक, कारण यादीबाहेरच्या घरातला वाहक मग तपासलाच जात नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून विदर्भातल्या प्रत्येक घराने, जात कोणतीही असो, लग्न ठरवण्याआधी मुलगा आणि मुलगी दोघांचीही रक्ततपासणी करून घ्यावी.