चाक जिथे थांबतं

कल्याणहून सायकल घेऊन शहराबाहेर पडायचं तर वाटा फार नाहीत. गांधारीचा पूल ओलांडून बापगावमार्गे पडघा गाठायचा आणि नाशिक हायवेने शहापूर-कसाऱ्याकडे निघायचं. नाहीतर अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ करत कर्जत. किंवा मग शहाडवरून मुरबाड रोड. हाजीमलंगचा पायथा आणि टिटवाळा हे आपले सरावाचे रस्ते. नाश्त्याच्या वेळेला घरी परत, म्हणून ते यात धरत नाही.

या तीन मोठ्या वाटा मोबाइलच्या नकाशावर जरा झूम आउट करून बघा. कोंबडीच्या पायासारख्या कल्याणमधून त्या फाकतात आणि तिन्ही जाऊन सह्याद्रीला भिडतात. कसाऱ्याच्या पुढे थळ घाट, कर्जत-खोपोलीच्या पुढे बोर घाट, मुरबाडच्या पुढे माळशेज. डाव्या आणि उजव्या वाटेच्या बाजूने लोकल धावते. मधल्या वाटेला रूळ नाहीत. आणि गंमत म्हणजे एक फार जुना लेखी पुरावा आहे तो या मधलीच्या टोकाला.

मुरबाड रोड मी इतक्या वेळा केलाय की त्याचे खड्डे मला ऋतूंप्रमाणे पाठ आहेत. म्हारळ, वरप, कांबा, मग रायत्याला उल्हास नदी ओलांडायची. गोवेलीपर्यंत गाड्यांचा धूर, पुढे जरा मोकळं. मुरबाडपर्यंत तीसेक किलोमीटर. एमआयडीसीचे ट्रक सांभाळले की त्रास नाही. पुढे शिवळे, सरळगाव, टोकावडे आणि मग वैशाखरे. साठेक किलोमीटर होतात, पण या सगळ्या अंतरात गिअर बदलायला लावणारा चढ जवळजवळ नाही. सह्याद्रीची भिंत समोर वाढत जाते आणि रस्ता मात्र तिच्या पायापर्यंत नदीखोऱ्यातून सपाट नेऊन सोडतो. सायकलवाल्याला जे मांड्यांवरून कळतं, ते माल वाहणाऱ्या बैलाला दोन हजार वर्षांपूर्वी कळलं असणार. खाडीपासून डोंगरापर्यंत फारसं दमायचं नाही, दमायचं ते एकदाच, शेवटी.

ते शेवटचं दमणं म्हणजे नाणेघाट. वैशाखऱ्याच्या थोडं पुढे डांबरी रस्ता सोडून पायवाट जंगलात शिरते. सायकल तिथेच एखाद्या टपरीवाल्या मावशींच्या भरवशावर ठेवायची. वर खिंडीच्या तोंडाशी कोरलेली गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा तो लेख. कोणते यज्ञ केले, किती गायी दिल्या, किती हत्ती-घोडे, किती कार्षापणं, याचा हा जंगी हिशेब आहे, आणि रकमा आकड्यांत कोरल्या आहेत. आपण रोज टाइप करतो त्या 2, 4, 6, 7, 9 यांचे पूर्वज त्यात ओळखू येतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता नावं आणि पावलं तेवढी उरलीत. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी... नुसती पावलं.

हा लेख तिथेच का? राजवाडा पैठणला, देवळं-लेणी सगळीकडे, मग यज्ञाची बढाई एका खिंडीत कशाला कोरायची? कारण सरळ आहे. जिथून सगळे जातात तिथेच होर्डिंग लावतात. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं, वर जुन्नर, त्याच्याही पुढे पैठण. जाणारा-येणारा प्रत्येक व्यापारी या खिंडीत दम खायला थांबणार. थांबला की भिंतीकडे बघणार, आणि इथे राज्य कुणाचं आहे हे त्याला कळणार. खिंडीच्या वर एक मोठा दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकायचे, असं सगळे सांगतात.

या व्यापारात कल्याणची माणसं किती वरपर्यंत पोचली होती, त्याचा एक पुरावा मला फार आवडतो. जुन्नरजवळ लेण्याद्रीला आपण गणपतीच्या दर्शनाला पायऱ्या चढून जातो. त्याच रांगेतल्या चैत्यगृहाच्या दानलेखात दात्याचं नाव आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. कल्याणचा माणूस घाट चढून गेला आणि जुन्नरला चैत्यगृह देऊन आला. अपडाऊन ही आपल्याकडची जुनीच सवय म्हणायची.

पण बंदराचं नशीब बंदराच्या हातात नसतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात कल्याण आहे, पण बातमी वाईट आहे. थोरल्या सातकर्णीच्या काळी हे रीतसर व्यापारी बंदर होतं, मात्र पुढे सत्ता बदलली आणि व्यापाराची अडवणूक सुरू झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज इथे आलंच तर पहारा देऊन त्याला भडोचला नेतात, असं तो लिहितो. त्याच पुस्तिकेत आणखी एक ओळीची माहिती आहे. पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला आणत. पैठण ते भडोच 20 दिवसांचा प्रवास.

मी या ‘गाड्यांवर’ शब्दाशी अडकलो. पैठणहून कल्याण कितीतरी जवळ. पण जवळच्या वाटेवर नाणेघाट, आणि नाणेघाटात चाक चालत नाही. तिथे बैलाच्या, गाढवाच्या किंवा माणसाच्या पाठीवरच माल. गाडीला चाक हवं, चाकाला उतार हवा, म्हणून गाड्या शेकडो मैलांचा वळसा घेऊन उत्तरेला जात. जवळची वाट पाठीवरच्या ओझ्याची आणि लांबची वाट चाकाची. पुढची अठराशे वर्षं सह्याद्रीत साधारण असंच चाललं. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी कल्याणचं नाव घेतो, 1657 मध्ये शिवाजी महाराज कल्याण घेतात आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीत आरमाराची तयारी होते. माल मात्र घाटातून वर-खाली जातो तो पाठीवरच. अनेक घाटवाटांवर लमाणांचे बैलतांडे चालायचे.

1830 मध्ये बोर घाटात गाडीरस्ता खुला झाला आणि पहिल्यांदा मुंबईच्या बाजूने चाकं सरळ घाटमाथ्यावर गेली. नाणेघाटाचं महत्त्व तिथून झपाट्याने ओसरलं. पण मधल्या वाटेचा निकाल तेव्हा लागला नव्हता. तो लागला रेल्वेच्या नकाशावर, आणि थोडक्यात लागला.

16 एप्रिल 1853ला गाडी ठाण्यापर्यंत आली हे शाळेत आपण घोकतो. 1 मे 1854ला ती कल्याणला पोचली. पुढे काय? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सुरुवातीचा बेत होता माळशेजने चढण्याचा. म्हणजे कल्याणहून मुरबाडवरून सरळ पुढे, एकाच घाटाने वर, आणि फाटे फोडायचे ते पठारावर, जुन्नर-आळ्याच्या बाजूला कुठेतरी. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने डोंगर पाहिले, मोजणी केली आणि बेत बदलला. एका घाटाऐवजी दोन: पुण्याकडे जायला बोर, नाशिककडे जायला थळ. फाटा वर फुटायचा तो खाली कल्याणला फुटला. आपलं जंक्शन, आपली गर्दी, आपल्या चाळी आणि आता टॉवर, यातलं बरंच त्या एका निर्णयाच्या पोटातून आलंय.

त्या निर्णयाची किंमत भयंकर होती. बोर घाटात चढ ठेवला 37ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. सायकलवर आपण त्याला चढही म्हणणार नाही, पण इंजिनाला तेवढाच झेपत होता आणि तो राखायला डोंगरच्या डोंगर पोखरावा लागला. 1861च्या सुमारास 42 हजार मजूर तिथे राबत होते. कॉलरा, तापाच्या साथी, सुरुंग. बळींचा आकडा 25 हजारांच्या आसपास असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये आल्या आल्या वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने दोन अभियंत्यांच्या मदतीने काम तडीस नेलं. तिचं नाव निदान राहिलं. मजुरांची नावं कुठल्याही भिंतीवर नाहीत. 1863 मध्ये बोर घाट खुला झाला, 1865 मध्ये थळ.

आणि मुरबाड दोन रुळांच्या मधल्या पाचरीत राहिलं. एका बाजूला टिटवाळा स्टेशन, दुसऱ्या बाजूला बदलापूर, मध्ये आख्खा तालुका. आजही मुरबाडला गाडी जात नाही. इथली मुलं कॉलेजला, कामाला एसटीने किंवा वडापच्या जीपने कल्याण गाठतात आणि मग लोकलला लटकतात. सकाळी मी मोकळ्या रस्त्याच्या शोधात मुरबाडकडे जात असतो, तेव्हा समोरून ती येत असतात. मुरबाडला रेल्वे येणार, हे तिथल्या चहाच्या टपरीवर जुन्या जाणत्यांच्या तोंडूनही ऐकू येतं आणि दहावीच्या पोरांच्याही. रूळ आल्यावर मोकळा रस्ता उरणार नाही हे मला दिसतं. पण माझ्या रविवारसाठी त्यांनी आणखी एक पिढी एसटीत उभं राहावं, असं म्हणायला तोंड उचलत नाही.

घाटरस्ता मात्र झाला. कल्याणहून माळशेजमार्गे अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), नांदेड, निर्मलला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग पूर्वी 222 होता, आता 61 आहे. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी माळशेजला सायकल नेऊ नका. धबधब्याखाली नाचणारी मंडळी, दरड आणि उलटा येणारा ट्रक यांतलं काय आधी भेटेल सांगता येत नाही. हिवाळ्यात जा. पहाटे निघालात तर अकराच्या आत वर असाल.

आणि सायकलसकट नाणेघाट बघायचाच असेल तर आजही वैशाखऱ्याहून सरळ वर जाता येत नाही. खिंडीच्या बरोबर वरच्या टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे, पण तो जुन्नरच्या बाजूने. त्यासाठी माळशेज चढायचा, बनकर फाट्याला वळायचं, गणेश खिंड ओलांडून जुन्नर गाठायचं आणि तिथून घाटघरकडे मागे यायचं. पायवाटेने दोन-तीन तासांत जिथे पोचतो, त्यासाठी चाकाला साठ किलोमीटरच्या वर वळसा.