हसणारेही त्याच यादीत

दशलक्षण पर्वात पूजा आटोपल्यावर एक आई मंदिराच्या ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. मुलगा सातवीत. शाळेत पोरं त्याला 'बायल्या' म्हणतात, डबा पाडतात. घरी ओढणी घेऊन आरशापुढे उभा राहिला तर वडिलांचा मार. समुपदेशकाकडे नेलं, तर त्यांनी हिच्याच लाडांवर बोट ठेवलं. हळूच म्हणाली, "ताई, हे मागच्या जन्मीचं पाप का हो?"

प्रश्न कर्माचा, म्हणून उत्तरही तिथूनच दिलं. मोहनीय कर्मात नऊ नोकषाय येतात: हास्य, रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा, स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद. तिन्ही वेद एकाच पंगतीत. त्यातही शरीराचा तो द्रव्यवेद, मनाचा तो भाववेद. दहाव्या शतकातले नेमिचंद्राचार्य गोम्मटसारात सांगतात, हे दोन्ही बहुधा सारखे असतात, क्वचित विषम.

आपले पूर्वज फार उदार होते असं यावरून म्हणू नये. दीक्षेच्या नियमांत नपुंसकाला मज्जाव होता. शिवाय वेद म्हणजे आजच्या भाषेतलं जेंडर नव्हे. पण शरीर एक आणि भाव वेगळा असू शकतो, हे आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. ते परदेशातून आलेलं खूळ नाही.

मग दहशत आली कुठून? काही प्रमाणात कायद्यातून. ब्रिटिशांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही घातली. त्याच धर्तीवर आमच्या हैदराबाद संस्थानात 1329 फसलीचा, म्हणजे 1919 चा कायदा आला. तेव्हा मराठवाडाही याच संस्थानात होता. बाईचा पोशाख करून रस्त्यावर दिसलं तर वॉरंटाशिवाय अटक, सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवला तर कैद. तेलंगणा उच्च न्यायालयानं तो रद्द केला 2023 साली. इतकी वर्षं जे कायद्यानं गुन्हा ठरवलं, ते लोकांच्या मनातून एका निकालानं कसं जाणार?

माझ्याही मनातून गेलं नव्हतं. शिक्षिका असताना एका नाजूक मुलाला मी शिक्षा म्हणून मुलींच्या बाकावर बसवलं होतं. वर्ग हसला, मीही हसले. त्यानं पुढे शाळा सोडली.

म्हणून त्या आईला म्हटलं, "उपास-व्रतांनी त्याला 'बरा' करायला जाऊ नकोस. त्याला आधी विचार, कोण छळतं, कुठे, कधी. ते लिहून मुख्याध्यापकांना दे. 2019 च्या कायद्यानं शाळेला भेदभाव करता येत नाही. समुपदेशक बदल. मुलाला न बदलता त्याचं ऐकून घेईल, असा शोध. आणि घरात कुणी पापाचं नाव काढलं तर ती यादी वाचून दाखव. हास्य आणि जुगुप्साही त्यातच आहेत. हसणाऱ्यांचंही कर्म बांधलं जातंच की."

दुसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन आली. अष्टद्रव्याचं ताट आम्ही दोघांनी मिळून लावलं. तो फारसं बोलला नाही. मीही विचारलं नाही.