आकडा राहतो, कारण जातं

युनिक्सची एक जुनी रीत आहे. सेटिंग्ज साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायच्या. एडिटरने उघडा, बदला, सेव्ह करा, बास. आणि ओळीच्या सुरुवातीला हॅश टाकून जे लिहाल ते सर्व्हर वाचत नाही. ती ओळ माणसांसाठी.

डेटाबेसच्या बाबतीत ही हॅशवाली ओळ फार मोलाची. "कनेक्शन्स इतकीच का?" याचं उत्तर कुणालातरी रात्री दोन वाजता, सर्व्हर झोपल्यावर मिळालेलं असतं. ते तिथे लिहिलं नाही तर पुढचा माणूस आकडा वाढवणार आणि तीच रात्र पुन्हा येणार!

ओरॅकलची इनिट.ओरा ही अशीच फाइल. शहाणे लोक ती आरसीएसमध्ये ठेवत. पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिकी यांनी बनवलेली ही प्रणाली १९८२ मध्ये जगापुढे आली. बदललेली फाइल आत टाकताना ती विचारते, काय बदललंत? म्हणजे कारण लिहायची दुसरी जागा.

पण या पद्धतीत एक गोची होती. चालू डेटाबेसमध्ये ऑल्टर सिस्टिमने बदल केला आणि फाइलमध्ये करायचा राहिला, तर पुढच्या रीस्टार्टला जुना आकडा परत हजर. रीस्टार्ट सहा महिन्यांनी झाला तर शोधत बसा.

म्हणून २००१ मध्ये ओरॅकल ९आयने एसपीफाइल आणली. ही बायनरी, ती सर्व्हर स्वतः लिहितो, व्हीआयने हात लावायचा नाही. गोची सुटली. पण जुन्या फाइलवरून एसपीफाइल बनवताना सेटिंगच्याच ओळीवरची टिप्पणी तेवढी टिकते, बाकीच्या गळतात. ऑल्टर सिस्टिममध्ये कॉमेंट लिहायची सोय आहे म्हणा, पण घाईत कोण लिहितो?

पुढे बाकीचेही त्याच वाटेने गेले. पोस्टग्रेस ९.४ मध्ये (२०१४) ऑल्टर सिस्टिम आलं. ते पोस्टग्रेएसक्यूएल.ऑटो.कॉन्फ नावाची वेगळी फाइल लिहितं. ही टेक्स्टच आहे, पण वरच बजावलंय की हाताने बदलू नका. मूळ फाइलनंतर वाचली जात असल्यामुळे तिचाच शब्द शेवटचा. मायएसक्यूएल ८.० मध्ये (२०१८) सेट पर्सिस्ट आलं. त्याची फाइल जेसॉनमध्ये. कुणी, कुठून, कधी बदललं याची नोंद त्यात असते. का बदललं याला मात्र जागा नाही.

मग २०२४ ला गंमत झाली. पोस्टग्रेस १७ ने ऑल्टर सिस्टिम बंद करायचं बटणच दिलं! कारण बऱ्याच ठिकाणी कॉन्फिगरेशन आता बाहेरचं टूल सांभाळतं आणि मूळ फाइल्स गिटमध्ये असतात. आतून कुणी परस्पर बदल केला की दोन्हींचा मेळ बसत नाही. म्हणजे फिरून पुन्हा टेक्स्ट फाइलकडेच.

माझं मत विचाराल तर फाइल कुणीही लिहो, माणूस किंवा सर्व्हर; कारण मात्र माणसानेच लिहायला हवं. सोमवारी पोस्टग्रेसवर पीजी_फाइल_सेटिंग्ज हा व्ह्यू उघडून बघा (९.५ पासून आहे). कुठला आकडा कुठल्या फाइलमधून, कितव्या ओळीवरून आला ते कळेल. मग ज्याचं कारण टीममध्ये एकालाच माहीत आहे असा एक आकडा निवडा आणि त्याने नोकरी सोडायच्या आत ते लिहून घ्या.