नहर आणि नाथसागर : विज्ञानाच्या सामाजिक जोखमीचा एक विचार

विज्ञानाने समाजावरील संकटे कमी होतात, हा समज खोटा नाही. पण तो अपुरा आहे. पुष्कळदा संकट नाहीसे न होता एका जनसमूहाकडून दुसऱ्याकडे सरकते. हे सरकणे कसे घडते, हे छत्रपती संभाजीनगराच्या पाण्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने काढलेल्या नहर-ए-अंबरीने उत्तरेकडील डोंगरांलगतचे भूजल भुयारी नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले. या योजनेचा पल्ला लहान होता. ज्या परिसरात पाऊस पडे, त्याच परिसरात पाणी पिणारे राहत. पाऊस उणा झाला अथवा नळ बुजला, तर त्याची वार्ता त्यांच्याच हौदांत लागे.

गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाचे माप निराळे. हैदराबाद राज्याच्या काळात बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ योजिलेले हे धरण पुढे पैठणला झाले. नाव तेवढे जुने राहिले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्‌घाटन. उपयुक्त साठा सुमारे ७७ अब्ज घनफूट. मराठवाड्याच्या शेतीला आणि या शहराच्या नळांना त्याचा मोठा आधार झाला, हे निःसंशय होय. परंतु नाथसागरात ज्यांची गावे बुडाली त्यांनी घरदार सोडले, आणि पाणी गेले ते दूरच्या तालुक्यांना. शिवाय वरच्या अंगास नाशिक व नगर जिल्ह्यांत धरणे वाढत गेली, तसा पैठणला पोहोचणारा येवा घटला. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घालून दिले. त्याच्या आधारे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरविले ते २०१४ मध्ये, म्हणजे पायाभरणीनंतर ४९ वर्षांनी.

भिंत किती उंच असावी, हे अभियंत्याला विचारले गेले. तूट कोणी सोसावी, हे वेळीच कोणालाही विचारले गेले नाही. वास्तविक हा प्रश्न प्रकल्पाच्या पहिल्या अंदाजपत्रकातच मांडावयास हवा. तो तेथे नसेल, तर धरणाच्या नकाशांइतक्याच काळजीने बुडीत गावांची दप्तरे वाचून तो मांडणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.