किरणोत्सर्गी प्रदूषण आणि वन्य पक्षी

अणुभट्टीतील अपघात, अण्वस्त्रांची निर्मिती किंवा अणुकचरा यांतून पर्यावरणात पसरलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांचे रानातील पक्ष्यांच्या शरीरावर, प्रजननावर आणि संख्येवर होणारे परिणाम. या विषयाचा सर्वांत विस्तृत आणि सर्वांत वादग्रस्त अभ्यास चेर्नोबिल परिसरात झाला आहे.

चेर्नोबिल (युक्रेन) येथील चौथ्या क्रमांकाच्या अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिल १९८६ रोजी, म्हणजे ऐन विणीच्या हंगामात झाला. सुरुवातीच्या काळात आयोडीन-१३१ चा मारा तीव्र होता. मात्र त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असल्याने तो लवकर ओसरला. सीझियम-१३७ आणि स्ट्राँशियम-९० यांची अर्धायुष्ये तीस वर्षांच्या आसपास आहेत. सीझियम पोटॅशियमसारखे स्नायूंत, तर स्ट्राँशियम कॅल्शियमसारखे हाडांत आणि अंड्याच्या कवचात साठते. माती व पालापाचोळ्यातून ही द्रव्ये किडे-अळ्यांत आणि तेथून पक्ष्यांच्या पोटात जातात. पाऊस आणि वाऱ्यामुळे किरणोत्सर्गी धूळ जमिनीवर सारखी न पडता डागाडागांनी पडली. त्यामुळे काही किलोमीटरच्या अंतरात स्वच्छ आणि अतिदूषित जागा शेजारी-शेजारी सापडतात. संशोधकांच्या दृष्टीने हा फरक मोलाचा ठरला.

सर्वाधिक अभ्यास माळभिंगरीचा झाला. गोठ्यांत चिखलाची घरटी करणारा हा पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातही विजेच्या तारांवर ओळीने बसलेला दिसतो. चेर्नोबिलच्या भिंगऱ्या मात्र हिवाळ्यासाठी आफ्रिकेत जातात. माळभिंगरीचा गळा विटकरी असतो. चेर्नोबिलच्या काही भिंगऱ्यांत या विटकरी रंगात पांढऱ्या पिसांचे ठिपके आढळले. १९९७ साली हान्स एलेग्रेन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की अशी अंशतः वर्णहीनता तेथे वाढली असून पिलांकडे जाणाऱ्या उत्परिवर्तनांचे प्रमाणही दूरच्या प्रदेशातील भिंगऱ्यांपेक्षा अधिक आहे. या संशोधनात सहभागी असलेले डेन्मार्कचे आंदेर्स पापे मोलर यांनी पुढे अमेरिकेचे टिमोथी मूसो यांच्यासह वर्षानुवर्षे नोंदी घेतल्या. पद्धत साधी होती: एका जागी पाच मिनिटे उभे राहून दिसणारे-ऐकू येणारे पक्षी मोजायचे आणि तेथील किरणोत्सर्ग मापकाने नोंदवायचा. २००७ साली त्यांनी अतिदूषित जागी वनपक्ष्यांच्या जाती निम्म्याहून अधिक आणि संख्या सुमारे दोन-तृतीयांश घटल्याचे मांडले. लांबचे स्थलांतर करणाऱ्या आणि कॅरोटिनॉइडमुळे पिवळी-तांबडी पिसे असलेल्या जातींना अधिक फटका बसल्याचे त्यांना आढळले. प्रवास आणि रंगनिर्मिती या दोन्हींत प्रतिऑक्सिडीकारके खर्ची पडतात. किरणोत्सर्गाने झालेली हानी आवरायलाही तीच लागतात, असे त्यांचे स्पष्टीकरण. २०११ च्या त्यांच्या अभ्यासात ४८ जातींच्या ५५० पक्ष्यांत दूषित भागातील मेंदू सरासरी ५ टक्के लहान भरले. मोतीबिंदू, सदोष शुक्रपेशी आणि गाठी यांच्याही नोंदी आहेत.

या निष्कर्षांवर टीका झाली आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. ब्रिटनचे जिम स्मिथ यांनी २००८ साली निदर्शनास आणले, की माणसांबरोबर गुरे गेली, शेते पडीक झाली, गोठे ढासळले. भिंगरीची घटती संख्या त्यामुळेही असू शकते. उलट शेजारच्या बेलारूसमधील राखीव क्षेत्रात माणूस दूर झाल्यावर मोठ्या ठिपकेदार गरुडाचे प्रमाण वाढले. जमिनीवरील मापन म्हणजे पक्ष्याने प्रत्यक्षात शोषलेली मात्रा नव्हे, हा दुसरा आक्षेप. मोलर यांच्या बाजूचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही: ओसाडपणा तर स्वच्छ व दूषित अशा दोन्ही डागांत सारखाच आहे.

फुकुशिमा (जपान) येथे ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर अपघात झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ३०० ठिकाणी पक्षिगणना झाली. दूषित जागी संख्या कमी भरली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र तेथील भिंगरीच्या पिलांत डीएनएची वाढीव हानी आढळली नाही, जरी दूषित भागात भिंगऱ्या कमीच होत्या. त्याच वर्षी जॅकलिन गार्निये-लाप्लास आणि सहकाऱ्यांनी जातवार शोषित मात्रा हिशोबात घेतली, तेव्हाही मात्रा वाढली की संख्या घटते हा संबंध टिकला.

याउलट इंग्लंडमधील सेलाफिल्ड अणुप्रकल्पाजवळच्या रॅव्हनग्लास खाडीत १९८० च्या दशकात काळ्या डोक्याच्या कुरवांची वसाहत घटली, तेव्हा संशय प्रथम प्रकल्पावर गेला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पक्ष्यांना मिळालेली मात्रा इतका परिणाम घडवण्यास फारच अपुरी ठरली.

उपलब्ध पुराव्यांवरून अतिदूषित डागांत पक्ष्यांना अपाय होतो, हे मान्य करावे लागते. कमी मात्रेच्या विस्तीर्ण भागात मात्र दोष किरणोत्सर्गाचा की अधिवास बदलल्याचा, हा वाद मिटलेला नाही.