रस्ता मोकळा झाल्यावर

तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांचं सुदुंबरे आता आणखी एका कारणाने ओळखलं जातं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन इथे असते. घाटात दरड कोसळली किंवा कोकणाकडे वादळ निघालं, की मुळशी-मावळातल्या माणसाला आधी हीच आठवते.

१९९९ चं ओडिशाचं महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी एवढं सोसल्यावर २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि २००६ मध्ये हे दल उभं राहिलं. सुरुवातीच्या आठ बटालियनपैकी चार अणू, जैविक आणि रासायनिक संकटांसाठीही तयार करायच्या ठरल्या. त्यांत सुदुंबऱ्याची ही एक. पहिली दोन वर्षं जवानांना बंदोबस्तालाही पिटाळलं जाई. २००८ नंतर ते थांबलं. पुढे माळीण, तळीये, इर्शाळवाडीच्या दरडी आल्या. ही नावं महाराष्ट्राला सांगावी लागत नाहीत.

मला मोलाचा वाटतो तो २०२० चा उन्हाळा. ७ मे रोजी विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समधून स्टायरीन वायू सुटला, तेव्हा या बटालियनचे रसायनतज्ज्ञ जवान पुण्याहून विमानाने तिकडे रवाना झाले. महिनाही उलटला नाही तोच, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाने रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पथकं किनाऱ्यावर आधीच पोहोचली होती. या वेळी हातात वायुमापक नव्हते, करवती होत्या.

आडवं झाड कापणं दिसतं तितकं सोपं नसतं. आधी खाली वीजतार अडकली आहे का ते पाहायचं आणि महावितरणकडून प्रवाह बंद असल्याची खात्री करायची. वाकलेल्या खोडात ताण असतो. चुकीच्या बाजूने करवत चालवली तर ते उसळून अंगावर येतं. म्हणून दाबाच्या बाजूला आधी खाच आणि मग उलटीकडून काप. असे रस्ते एकामागून एक मोकळे झाले. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा मात्र भुईसपाट झाल्या त्या झाल्याच. तेच वादळ पुढे घाटावर चढून मावळातली पॉलिहाऊसं फाडून गेलं.

पण रस्ता मोकळा झाला की पथक परततं. त्यात त्याचा दोष नाही. जीव वाचवणं हे त्याचं काम. मागे उरतो तो कचरा: छपरावरून उडालेले सिमेंटचे पत्रे, कोसळलेल्या रोहित्रातून गळालेलं तेल, गोठ्यातले कीटकनाशकांचे डबे, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते फोडायचे नसतात. पाण्याने भिजवून, अखंड उचलून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे असतात. आपल्याकडे त्यांचे तुकडे करून खड्डे बुजवतात. निसर्ग वादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर अडकलेलं ‘बसरा स्टार’ हे जहाज तर कित्येक वर्षं तिथेच गंजत राहिलं. जहाजाची ही तऱ्हा, तर पत्र्याला कोण विचारतो!

मुळशीतल्या लवासात हा कचऱ्याचा प्रश्न जास्त जवळचा आहे. २५ जुलै २०२४ ला चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ आणि लवासात ४५३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लवासात दरड थेट बंगल्यांवर आली आणि बचाव पथकांना अडलेल्या घाटरस्त्यांतून वाट काढावी लागली. बंगला गाडला जातो तेव्हा त्यातलं फ्रीज, रंग, ॲसिड, बॅटरी हे सगळं चिखलात जातं. हा उतार वरसगावच्या जलाशयाकडे येतो आणि वरसगावचं पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला. डोंगर फोडून वसवलेल्या या शहराच्या पर्यावरण परवानगीवर २०१० पासून किती वाद झाले! ढिगाऱ्यातल्या विषाबद्दल त्या मानाने कुणी ब्र काढलेला नाही.

नियमही हात झटकतात. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या बांधकाम-राडारोड्याच्या नव्या नियमांनी नैसर्गिक आपत्तीतला राडारोडा कक्षेबाहेर ठेवला. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प आपल्याच पुणे जिल्ह्यात, रांजणगावला आहे. दरडीनंतर लवासातून पत्रे-बॅटऱ्यांचा टेम्पो तिथवर कुणी न्यायचा, भाडं कुणी भरायचं आणि उचलणाऱ्या मजुरांना मास्क-हातमोजे कुणी द्यायचे, हे तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात पावसाळ्याआधी लिहून ठेवता येईल. त्याला एक पान पुरे.