समुद्रतळाच्या नळांची वही

जामनेरात बसून समुद्रतळाच्या नळांची चिंता आपण का वाहावी, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. उरणच्या कारखान्यात शेगडीचा गॅस तयार होतो, तो त्याच नळांतून येणाऱ्या वायूपासून.

१९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ने तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९७८ मध्ये नळ उरणला पोहोचले. ते जाळे आता जुने झाले. पुष्कळ नळ बदलावेही लागले. पण कोणता आधी बदलावा?

धाब्याच्या घराची तुळई वरून धड दिसते. वाळवी आतून पोखरते. जाणता सुतार ती ठोकून पाहतो. नळातही तसेच चुंबकीय यंत्र सोडतात. ते पोलादाची झीज टिपते. दोन तपासण्यांची टिपणे ताडली की झिजेचा वेग कळतो. मग फुटण्याचा संभव आणि फुटल्यास होणारी हानी, या दोहोंच्या गुणाकाराने धोका ठरतो. माणसांजवळची थोडी झीजही म्हणूनच भारी ठरते.

तरी केवळ गंज मोजून भागत नाही. २७ जुलै २००५ रोजी एक जहाज तेलफलाटाच्या उभ्या नळावर आदळले, वायू पेटला आणि २२ जण गेले. तेथे घात केला तो धक्क्याने. तेव्हा वहीत नळाच्या वयाबरोबर जहाजांची ये-जाही मांडली पाहिजे. न लिहिलेला धोका हिशेबात येत नाही. त्याची किंमत मात्र माणसे मोजतात.